कात्रपचा पाटा नाशिकला निघतो

मित्रांनो, मी पाटा. काळ्या दगडाचा, वयाने जुना आणि स्वतःविषयी बऱ्यापैकी चांगलं मत असलेला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं म्हणतात. पाथरवटाने मला घाव भरपूर घातले, देवपण काही आलं नाही. वाट्याला मिरच्या आल्या! पण मी त्यावर खूश आहे.

बदलापूरच्या बाजारातून हरिचंद्रने मला खांद्यावर घालून कात्रपला आणलं. त्याच्या नव्या नवरीने, मोतीबाईने, वरवंटा स्वतः हातात घेतला. तेव्हापासून आमची जोडी. सुक्या बोंबलाची चटणी आम्ही वाटावी आणि शेजारणींनी वाटी घेऊन यावं! मोतीबाईला धर्मेश झाला, तेव्हा पाचवीला आमची पूजा झाली. बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवलं, मग धर्मेशला. म्हणजे पाळण्यातला पहिला मान आमच्या घराण्याचा.

पुढे घराच्या जागी इमारत उठली, हरिचंद्र गेला, मिक्सर आला. मी गॅलरीत कुंडीखाली गेलो. कित्येक वर्षांत टाकी लागली नाही, अंग गुळगुळीत झालं.

यंदा धर्मेशची अंबरनाथ एमआयडीसीतली नोकरी नाशिकला हलली. त्याची बायको जिज्ञासा गरोदर होती, म्हणजे बारसं नव्या घरी व्हायचं. मग घरात बेतांना ऊत आला. सामान नेणारा माणूस मोबाइलवर फोटो काढत सगळीकडे फिरला. माझ्यापाशी थबकून म्हणाला, "ये पत्थर भी जायेगा क्या?"

पत्थर म्हणे! मी गप्प राहिलो. दगडाला तेवढं जमतं.

धर्मेश हुशार. त्याने तोडगा काढला. बारशाला वरवंटा लागतो, तेवढा बॅगेत टाकायचा आणि पाटा इथेच ठेवायचा. माझ्या डोळ्यांदेखत वरवंटा टॉवेलात गुंडाळला गेला. मला फार वाईट वाटलं.

निघायच्या सकाळी टेम्पो भरून झाला. मोतीबाई गॅलरीत कुंडी घ्यायला आली आणि मला एकट्याला पाहून मटकन खालीच बसली.

"यो पाटा सोरून मी नाय येनार."

"आई, मिक्सर हाय ना! उगाच वजन कशाला?" धर्मेश म्हणाला.

"वजन माझं पन हाय. मना पन ठेव हितंच."

कितीतरी दिवस घरात 'जुनं काही न्यायचं नाही' हाच घोष चालला होता. आज पाटा, उद्या आपण, ही भीती मोतीबाईच्या पोटात बसली होती आणि ती कुणालाच दिसली नव्हती.

जिज्ञासा पोट सांभाळत पुढे आली. "अहो, वरवंटा पाळण्यातून काढल्यावर ठेवनार कुठं? मिक्सरवर?"

धर्मेशला हसू आलं, आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी. त्याने मला गोधडीत गुंडाळलं आणि स्वतः उचललं. जिना उतरताना त्याची कंबर कुरकुरली, पण त्याने मला खाली ठेवलं नाही. टेम्पोत जागा उरली नव्हती, म्हणून मी गाडीत मोतीबाईच्या शेजारी बसलो. कसारा घाटात प्रत्येक वळणाला तिचा हात माझ्यावर येई. जणू मी हलणार होतो!

नाशिकला गेल्यावर तिने आधी पाथरवट शोधला. पुन्हा टाकी, पुन्हा घाव. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, घर हलवताना एखादी जड वस्तू मागे ठेवायची असेल, तर जरूर ठेवा. फक्त तिच्याजवळ आजवर कोण बसत आलं, ते आधी बघा. आणि घरात पाटा असेल, तर त्याला अधूनमधून टाकी लावून घ्या.

परवा बारसं झालं. कुंची घातलेला वरवंटा आधी पाळण्यात निजला, मग धर्मेशची लेक. मोतीबाईने वरवंटा उचलून माझ्यावर ठेवला. पाहुणे पांगल्यावर धर्मेश हळूच तिच्याजवळ आला.

"आई, उद्या बोंबलाची चटनी कर ना. पाट्यावरची."