तांब्याच्या पातेल्यातलं विरजण

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. जुना म्हणजे परवाचा. आमच्यात एवढ्यात म्हातारपण येतं. विहिरीवर घरघरतो तो पंप मी नव्हे हं. दह्यातल्या एका जिवाणूच्या आवरणात बसलेलं मी प्रथिन. आत घुसलेलं तांबं बाहेर फेकणं हा माझा धंदा.

हे दही शिरगावच्या तुळशीआजींचं. लग्न होऊन आल्या तेव्हा आईने दिलेलं विरजण त्यांनी आजवर चालू ठेवलंय. आई गेली, माहेरचं घरही राहिलं नाही.

परवा आजी बेलवलीला भाचीच्या हळदीला गेल्या. दही लावायचं काम मुलावर, हरेशवर सोपवलं. त्याने नुकतंच तांब्याचं पातेलं आणलं होतं. तांब्यातलं पाणी तब्येतीला चांगलं, मग दही तर काय विचारता! पठ्ठ्याने सगळं विरजण त्यातल्या दुधात घातलं. चमचाभरसुद्धा मागे ठेवलं नाही.

दूध आंबू लागलं तसं आंबटपणाने भांड्याचं तांबं सुटायला लागलं. ते फार आत शिरलं की जिवाणूच्या पेशीचा कारभारच बिघडतो. म्हणून पेशीने घाईघाईने आम्हा पंपांना घडवलं. जन्मलो तो कामालाच जुंपलो. बारशाला वेळ कुणाला?

आतलं दार उघडून तांब्याचा कण धरायचा. ऊर्जेचा एक घास खायचा, आतलं दार लावायचं, मग बाहेरचं उघडून त्याला हाकलायचं. दोन्ही दारं एकदम उघडायची नाहीत, नाहीतर बाहेरचं सगळं आत! हाकलावं तितकं तांबं पुन्हा येत होतं. शेजारच्या पेशी मरत होत्या. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो होतो.

काल दुपारी आजी परतल्या. झाकण काढलं तर दह्याला कडेने हिरवट झाक.

"अरं, बिनकल्हईच्या भांड्यान दही लावतान का? माज्या आयचं येवरंच राहिलेलं."

हरेशचा चेहरा पडला. नात उन्नती मायक्रोबायोलॉजी शिकते. ती म्हणाली, "आजी, सगळे मेले नसतील. ट्राय तर करू."

तिने चमचाभर दही चिनी मातीच्या बरणीतल्या कोमट दुधात घातलं. बाकीचं कुणी खाऊ नये म्हणून फेकून दिलं. काल रात्री लागलेलं ते दहीही कुणाला खाऊ दिलं नाही. त्यातलं थेंबभर पुन्हा नव्या दुधात सोडलं. दर खेपेला तांबं विरळ होत गेलं. उरलेले कण आम्ही हाकलले. दमलो, पण काय मजा आली म्हणून सांगू!

आज दही घट्ट लागलं. आजींनी बोटभर चाटलं, मग डोळे पुसून हसल्या.

"तीच चव हाय."

शाबासकी आजींच्या आईला मिळाली, मला नाही. चालायचंच. आता तांबं नाही, म्हणून पेशी नवे पंप घडवत नाही, आणि मलाही लवकरच मोडीत काढेल. पण मला घडवायची कृती तिने जपून ठेवलीय, आणि तिच्या लेकीबाळींनाही दिलीय. मित्रांनो, तुम्हीही जपण्याजोगं काही असलं तर सगळं एकाच भांड्यात ओतू नका. हरेशने आज जेवायला बसण्याआधी एक वाटी विरजण वेगळं झाकून ठेवलं, स्टीलच्या वाटीत.