माझ्या पाठीमागची तार

१९७८ सालची ही गोष्ट आहे, मित्रांनो. आज मी एक जुना, धूळ खाणारा टेलिफोन बोर्ड आहे, पण तेव्हा चिकलठाण्याच्या एका पंपांच्या कारखान्यात माझा मोठा मान होता. माझी पेटी सागवानी होती. समोर भोकांच्या रांगा होत्या, खाली लांब लांब तारा. एखाद्या खात्यात कुणी फोन उचलला की माझे एक छोटे झाकण खाली पडे. मग गौहर त्या भोकात तार खोचून विचारी, "बोला, कुठं लावू?"

गौहर आमची ऑपरेटर. सकाळी आल्याबरोबर ती मला कोरड्या फडक्याने पुसायची आणि एकेका तारेचा आवाज तपासायची. फोन जोडून झाला की आपल्या कानाला लावलेल्या फोनची कळ बंद करायची. दुसऱ्याचे बोलणे ऐकायचे नाही, हा तिचा दंडक होता.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. कँटीनमध्ये एका डब्यात जेवणारी माणसे वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागली. अशात एका सकाळी गौहरला माझा आवाज बारीक वाटला. तारा दुरुस्त करणाऱ्या फारूख मिस्त्रीने माझी पाठ उघडली.

"आपा, ये तार अपना नहीं है."

"मग कुणाची?"

"तात्यासाहेब के केबिन में गया है."

तात्यासाहेब म्हणजे कामगार अधिकारी. त्यांच्याकडे हल्ली एका पुढाऱ्याची जीप येई. कारखान्यात नामांतराच्या बाजूने कोण बोलतो, ते पुढाऱ्याला हवे होते.

"साहेबांना कळवायला पाहिजे," गौहर म्हणाली.

"कौन से साहब को? जिनके टेबल तक तार गया, उन्हीं को?"

फारूखने पाठ पुन्हा बंद केली. गप्प बसा, असे त्या दोघांना कुणीही सांगितले नव्हते. तरी ते गप्प बसले.

पुढच्याच आठवड्यात ओतशाळेतला कडूबा फोनवर मोर्चाविषयी बोलला आणि दुसऱ्या दिवशी त्याला फाटकावरच अडवले. गौहर हादरली. तिने आपल्यापुरती एक तोड काढली. जो नामांतराचे बोलेल असे वाटे, त्याला ती सांगू लागली, "लाइन लागत नाही." माणसांच्या नोकऱ्या वाचाव्यात म्हणून ती खोटे बोलत होती, आणि शिव्या मात्र मला पडत. "भंगारात घाला हे डबडं!" मित्रांनो, माझी एकही तार तुटलेली नव्हती.

एक दिवस दुपारी सूर्यभान फिटर धावतच गौहरच्या खोलीत आला. त्याचा भाऊ पाचोडला एका दुकानात कामाला होता. तिथे फोन होता.

"आपा, पाचोड लावा. लई घाई हाय."

"लाइन लागत नाही, सूर्यभान."

"आवो, शेजारच्या गावात आमच्या लोकांची वस्ती जाळली. माय आमच्या वस्तीवर एकटी हाय. दिवस बुडायच्या आत भावानं तिला पाचोडला आणाया पायजे!"

गौहरचा हात माझ्या तारेवर थांबला. मग ती हळूच म्हणाली, "लाइन लागते रे. रोज लागते. पण तात्यासाहेब ऐकतात."

सूर्यभान पुढे सरकला. "येवढंच व्हय? ऐकू द्या की! मोठ्यानं बोलतो, म्हंजे त्यांना कान टवकारावं लागायचं नाय."

तिने पाचोड लावले. भावाला सगळे समजावून झाल्यावर सूर्यभान शेवटी म्हणाला, "आन तात्यासाहेब, नामांतर झालंच पायजे!"

त्या दिवसापासून फोन जोडण्याआधी गौहर प्रत्येकाला सांगू लागली, "तुमचं बोलणं तिसरा माणूस ऐकतोय." मालकाचा फोन असला तरीही. मालकानेच मग ती तार काढायला लावली.

सूर्यभानची नोकरी गेली. त्याने पाचोडला पंप दुरुस्तीचे दुकान टाकले. त्याची माय राजाबाई फोन केला त्याच संध्याकाळी पाचोडला पोहोचली होती. चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा तिने दुकानाच्या दारात साखर वाटली. कडूबा कुठे गेला, ते मला कधीच कळले नाही. तात्यासाहेब बढती घेऊन निवृत्त झाले. फारूख दुबईला गेला. गौहरला माझ्यावरून काढून पॅकिंगला पाठवले. तिथूनही ती येता-जाता फडका घेऊन मला पुसून जायची.

पुढे बटणांचे नवे यंत्र आले आणि मी तुमच्या अजिंठ्याच्या शाळेत आलो. मित्रांनो, मला अधूनमधून पुसत जा. पण नुसते पुढून पुसू नका, पाठही उघडून बघा. तिथे एखादी परकी तार दिसली, तर ज्याची लाइन आहे त्याला आधी सांगा.