झोपू देऊ नका

नवऱ्याला बावीस दिवस झोपू का दिलं नाहीस, असं कुणी नीलम्माला विचारलं असतं, तर ती म्हणाली असती, जिता राहावा म्हणून. हसू नका. तिच्या जागी असता तर तुम्हीही तेच केलं असतं.

तिचा नवरा नागप्पा वालूरचा कापडवाला. सेलूचा बाजार करून येताना बैल बुजले, गाडी ओढ्यात कलंडली आणि याचं डोकं चाकाच्या लोखंडी धावेवर आपटलं. निजामाचं राज्य, खेड्यापाड्यात डॉक्टर कुठला! सेलूच्या हकिमानं पट्टी बांधली आणि म्हणाला, "झोपू देऊ नका याला." ते शब्द नीलम्माच्या काळजात रुतले. तिचा बाप चिंचेवरून पडला होता. "जरा पडतो" म्हणून आडवा झाला, तो उठलाच नाही. नऊ वर्षांची नीलम्मा तेव्हा त्याच्या पायाशी बसून शेंगा फोडत होती.

मग काय! नागप्पाचा डोळा लागला की ही खांदा हलवायची. "आवो, उठा! माजं नाव सांगा बरं!" बिचारा नाव सांगायचा. पुन्हा पेंगला की पुन्हा तेच. ती स्वतः कधी झोपायची ते महादेवालाच ठाऊक. जखम भरली, खपली पडली, पण माणूस ताळ्यावर येईना. उजेड डोळ्यांत खुपायचा. शेजारी उखळात मुसळ पडलं की कान दाबून ओरडायचा. गिऱ्हाइकानं धोतर मागितलं तर लुगडं काढून द्यायचा. हे बघून नीलम्मा आणखी भ्यायची, आणि भ्याली की आणखी उठवायची. पुढं पुढं तर हलवायची गरजच उरली नाही. पापणी मिटली की खाली पडल्यागत तो आपणच दचकून उठायचा.

बाविसाव्या दिवशी सकाळी तो पूजेला बसला. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. हात थरथरायला लागला, तळहात कलला आणि लिंग घसरलं. नीलम्मानं झेप घालून पदरात झेललं. दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. अंगावरचं लिंग भुईला लागणं म्हणजे जीव गेल्यागत, हे लिंगायताच्या घरात लेकराला सुद्धा कळतं.

"नीलम्मा," तो ढसाढसा रडायला लागला, "मेलो तर मरू दे. पर मला झोपू दे गं."

तिनं शेजारच्या लिंबाजीला गाडी जुंपायला लावली आणि नवऱ्याला घेऊन थेट सेलू गाठलं. सगळं ऐकून हकिमानं कपाळावर हात मारला.

"या खुदा! बाई, मी एका रातीचं बोललो होतो. एकच रात! आता झोप हेच त्याचं औषध. हाक मारायची न्हाई, हात लावायचा न्हाई."

"आन् उठले न्हाईत तर?"

हकिमानं नागप्पाची नाडी धरली. "असंच जागं ठेवलं तर नक्की हातचा जाईल."

त्यानं मागची अंधारी खोली उघडून दिली. नागप्पा आडवा झाला. दोनदा दचकला, आणि मग झोपला. नीलम्मा शेजारी बसून छातीकडं बघत राहिली. दुपार कलली तसं घोरणं थांबलं. श्वास इतका हळू झाला की दिसेना. ओठावर माशी बसली, तरी ओठ हलला नाही. बापाच्याही ओठावर अशीच बसली होती. तिचा हात खांद्याकडं गेला. "अगं, हलीव की!" आतून कुणीतरी किंचाळत होतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, आणि हात उठू नयेत म्हणून त्यांच्यावर सगळा भार टाकला.

दिवस मावळायला नागप्पानं कूस बदलली. डोळे किलकिले केले. तिला बघितलं आणि ओळखलं.

"नीलम्मा, डोकं हलकं वाटायलंय गं," तो पुटपुटला. "आजून जरा झोपू का?"

आत्ता कुठं माणूस हाताला लागला होता, आणि लगेच परत सोडायचा?

"झोपा," ती म्हणाली. तिचे दात वाजत होते.