आधी डास, मग चंद्र

मी एक जुनं शीड आहे आणि एका संध्याकाळी माझ्या अंगावर चंद्र उतरला होता. मित्रांनो, या वाक्याचा पहिला अर्धा भाग तुम्हाला लगेच पटेल. दुसरा पटावा म्हणून मी बोलायला बसलो आहे.

शीड म्हणजे होडीचं मोठं कापड. त्यात वारा भरतो आणि होडी चालते. व्याकरणाच्या पुस्तकात मी नपुंसकलिंगी आहे. पण 'मी फुगलं' असं बोलू लागलो की ऐकणारा गोष्ट सोडून मलाच दुरुस्त करत बसतो. म्हणून मी पुरुषासारखा बोलतो. वारा आला की फुगणं आणि नसला की पडून राहणं, एवढीच माझी दिनचर्या असल्यामुळे ते कुणाला खटकलेलं नाही.

माझा जन्म ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी दिवाळीनंतर जनाबाईने मांजरपाटाचे अकरा पट्टे दाभणाने जोडून मला शिवलं. तिचा नवरा दामाजी होडीचा तांडेल होता, म्हणजे होडीवर शेवटचा शब्द त्याचा. घरी तशी काही पद्धत नव्हती. शेवटचा टाका घालून जनाबाई त्याला म्हणाली, "नीट वापर. हा फाटला तं मी तुला सिवीन." दामाजीने पुढची सात वर्षं मला तळहाताच्या फोडासारखा जपला. खाडीतून बाहेर जायचं, जाळं टाकायचं, भरतीबरोबर घरी यायचं. वारा आला की मी विचार करत नाही, फुगतो. चांगलं शीड विचार करत नाही.

मग १९५४ साली मार्गशीर्षात सुमतीबाई आल्या.

सुमतीबाई शाळेत चौथीला शिकवायच्या. महिन्यातून एकदा शाळेच्या आवारात मुलांना चित्रपट दाखवायचा, आणि तो असा की पाहून आल्यावर मुलाने जेवताना हात ताटातच विसरावा, असं त्यांच्या मनात होतं. त्यासाठी बालमनोरंजन समितीची परवानगी लागे. या समितीत एकही बालक नव्हतं आणि अध्यक्ष हरिहरपंत यांचा मनोरंजनाला विरोध होता. बाकी नाव बरोबर होतं. पंत पस्तीस वर्षं मुख्य कारकून होते. त्यांनी एका खेळाची परवानगी दिली आणि खाली अट लिहिली : एकही मूल रडल्यास यापुढे शाळेत चित्रपट दाखवला जाणार नाही. खाली सही, सहीखाली तारीख, तारखेखाली पुन्हा सही.

आता पडदा हवा होता. चादरी लहान पडत. हरिहरपंतांचं धोतर पुरेसं लांब होतं, पण त्यात पंत होते. अशा अडचणीत सुमतीबाई कोळीवाड्यावरून जात असताना त्यांना मी दोरीवर वाळताना दिसलो. त्या थांबल्या. एवढ्या भक्तिभावाने माझ्याकडे पूर्वी फक्त एका बोक्याने पाहिलं होतं, आणि तेही माशांच्या वासामुळे.

"तांडेल, एक संध्याकाळ हे शीड द्याल का? मुलांना चित्रपट दाखवायचाय."

"कनचा?" दामाजीने विचारलं.

"ते अजून ठरवायचंय. जादूचा नाहीतर विज्ञानाचा."

"मंग ठरवताना मी बसनार. माज्या शिडावर काय बी वंगाळ चालायचं नाय."

असा दामाजी निवड समितीत आला.

एका दुपारी वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद लावून मला भिंतीवर टांगलं. मुंबईहून चित्रपटांचे तीन डबे आले होते. यंत्र घरघरलं आणि माझ्यावर उजेड पडला. मित्रांनो, वारा अंगात शिरतो तेव्हा आपण ताणले जातो. उजेड तसा शिरत नाही. तो नुसता येऊन बसतो आणि आपण दुसरेच कुणीतरी होतो. मी मांजरपाट होतो. एका क्षणात मी राजवाडा झालो. मग घोडा झालो. घोड्याला पाय किती असतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

पहिल्या चित्रपटात एका राजकन्येचा पलंग उडत होता. पंत म्हणाले, "उद्या पोरं पलंगावर चढून उड्या मारतील. पलंग मोडले तर समिती जबाबदार." पलंग बाद झाला.

दुसऱ्यात समुद्राच्या तळाशी राज्य होतं आणि तिथले मासे मोठे विद्वान होते. तो दामाजीने बाद केला. "मासा बोलाया लागला तं आमी जेवायचं काय?" पंत शाकाहारी होते, तरी त्यांना हा मुद्दा बिनतोड वाटला.

तिसऱ्यात चार माणसं अग्निबाणात बसून चंद्रावर गेली. डबा संपला तरी कुणी उठेना. शेवटी पंतांनी घसा साफ केला. "चंद्रावर माणूस गेला तर संकष्टीचं काय करायचं? तो चंद्रोदय कुठून बघणार?"

"त्याने पृथ्वी उगवली की जेवावं," सुमतीबाई म्हणाल्या.

पंतांनी हे वहीत लिहून घेतलं. धर्मशास्त्रातली एवढी मोठी अडचण इतक्या स्वस्तात सुटलेली त्यांनी पाहिली नव्हती. "ठीक आहे. पण त्याच्या आधी हिवतापाचा माहितीपट. दहा मिनिटांचा आहे. आधी काढा, मग खडीसाखर."

"मग येत्या पौर्णिमेला ठेवू," सुमतीबाई खुशीत म्हणाल्या. "चंद्राचा चित्रपट आणि घरी जाताना चांदणं."

दामाजी त्यांच्याकडे पाहत राहिला. "बाई, पुनवेला खाडीला उधान असतं. त्या दिसांत मासळी गावते. शीड होरीवर, आन् मी बी होरीवर. अष्टमीला पानी मंद, होरी बांधलेली. अष्टमीला न्या."

अशा रीतीने चंद्रावर जाण्याची तारीख भरती-ओहोटी बघून ठरली.

शुद्ध अष्टमीला दिवेलागणीला शाळेच्या आवारात दीडशे मुलं बसली होती. दामाजीने मला दोन वाशांमध्ये होडीच्या गाठींनी बांधलं. माझा वरचा एक कोपरा जन्मापासूनच नाही, कारण शीड चौकोनी नसतं. तेवढं चित्र मागच्या उंबरावर पडत होतं. ज्यांना पूर्ण चित्रपट पाहायचा त्यांनी उंबराकडेही लक्ष ठेवावं, अशी सूचना पंतांनी दिली.

आधी डास सुरू झाला. तो माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता. त्याचा एकेक पाय वाशाएवढा. तो एका झोपलेल्या माणसाच्या दंडावर बसला, त्याने सोंड खुपसली आणि रक्त प्यायला सुरुवात केली. त्याच क्षणी खाडीवरून वारा आला.

मित्रांनो, मी शीड आहे. मी फुगलो.

डासाचं पोट तीन हात पुढे आलं, थेट पहिल्या रांगेच्या डोक्यांवर. तिथे पंतांची सात वर्षांची नात उत्तरा बसली होती. तिने असा सूर लावला की उंबरावरचे पक्षी उठले. मग तिच्या शेजारची, मग मागची रांग. कोळीवाड्यातली पोरं, ज्यांनी जिवंत खेकडे हाताने धरले होते, तीही आयांच्या नावाने ओरडू लागली. खुद्द पंतांनी स्वतःच्या गालावर एक सणसणीत चापट मारली.

यंत्र थांबलं. गॅसबत्ती पेटवली. पंत गाल चोळत उभे राहिले.

"अट स्पष्ट आहे, सुमतीबाई. मूल रडलं. खेळ संपला आणि यापुढचेही संपले."

"पंत, तो तुमचा डास होता."

"अटीत डास आणि चंद्र असा भेद केलेला नाही."

सुमतीबाईंनी चंद्राच्या डब्याचं झाकण हातात घेतलं होतं. ते त्यांनी हळूहळू परत लावलं. मला सात वर्षांत प्रथमच आपण फुगलो याची लाज वाटली. मी दोन वाशांमध्ये गुन्हेगारासारखा लोंबत राहिलो. दामाजी माझी दोरी धरून म्हणाला, "शीड हाय ते. त्याला काय कळतंय." हे माझ्या बाजूने होतं, पण फारसं उपयोगाचं नव्हतं.

सुमतीबाई उत्तराजवळ खाली बसल्या. "अगं, का रडलीस?"

"तो आमच्या घरी येतो."

"कोण?"

"डास. रोज येतो. आजोबांना चावतो. आजोबा मेले म्हणजे?"

पंतांचा गाल चोळणारा हात थांबला.

"आणि चंद्रावर माणसं जाताना बघायची भीती वाटेल तुला?"

उत्तराने नाक पुसून बराच विचार केला. "चंद्र कुठे आमच्या घरी येतो?"

पस्तीस वर्षांत पंतांनी हजारो अर्ज वाचले होते. नामंजूर करता न येणारा अर्ज ते ओळखत. ते उत्तराला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत, मुलांमध्ये, जमिनीवर बसले. "चालू द्या," ते म्हणाले. "अटीचं उद्या बघू."

दामाजी म्हणाला, "वाऱ्याकडं मी बगतो," आणि पूर्ण वेळ त्याने माझी दोरी हातात ठेवली. वारा आला की ढील द्यायची, गेला की ताणायची. त्याच्या हाताने अग्निबाण उडाला आणि त्याच्याच हाताने तो चंद्रावर उतरला. माझ्या अकरा पट्ट्यांवर पांढरे डोंगर उभे राहिले, काळ्या सावल्या पडल्या. चार माणसं शिडीवरून खाली आली. इंग्रजी संवादांचा आवाज बंद करून सुमतीबाई मराठीतून सांगत होत्या, तेवढाच आवाज.

"तिथे वारा नाही. आवाज नाही. पाणी नाही. थेंबसुद्धा नाही."

"बाई," दामाजी म्हणाला. एरवी होडीवर ओरडणारा माणूस, पण तो कुजबुजला. "त्याच्याकडं थेंब नाय?"

"नाही, तांडेल."

"मंग आमची सगली खाडी वर उचलतो ती कशी?"

दामाजीने मान वर केली. माझ्या बरोबर वर, शाळेच्या कौलांवर, अष्टमीचा अर्धा चंद्र होता. त्याच्याकडे बघून दामाजीचा बाप होडी सोडत आला होता, आजा सोडत आला होता. तो एक कोरडा दगड आहे हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. उत्तराने वर पाहिलं. मग पंतांनी. मग रांगेमागून रांग, दीडशे माना वर झाल्या. माझ्यावर चित्रपट चालूच होता, चार माणसं धावत होती, उंबरावरही काहीतरी घडत होतं, आणि एकही प्रेक्षक पडद्याकडे पाहत नव्हता. सुमतीबाईंनी बोलणं थांबवलं. त्यांनी कुणाला हाक मारली नाही.

मीही पाहत होतो. इतकी वर्षं मला वाटे की आपल्याला वारा नेतो. घरी आणणारी भरती कुणाची, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंतांनी इतिवृत्त लिहिलं : "खेळ झाला. मुले रडली. कारण : डास. उपाय : मच्छरदाणी. चित्रपट दरमहा अष्टमीस चालू ठेवावेत." खाली सही, सहीखाली तारीख, तारखेखाली पुन्हा सही.

त्यानंतर चार वर्षं मी पडदा होतो. पलंगही उडाला, पंतांनीच मागवला. मग शाळेला चौकोनी पडदा मिळाला आणि दामाजीने होडीला इंजिन बसवलं. आता माझ्यावर सुकट वाळते. जनाबाई रोज ती उलटते आणि माझी उसवलेली शिवण दिसली की लगेच टाका घालते, त्यामुळे तक्रार नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हालाही कधीतरी लहानांसाठी चित्रपट निवडावे लागतील. तेव्हा राक्षस किती मोठा आहे हे मोजत बसू नका. मुलं घरातल्या डासाला जास्त भितात. त्यांना खूप लांबचं दाखवा, आणि स्वतः त्यांच्या रांगेत खाली बसा. चित्रपट चालू असताना ती मध्येच वर बघायला लागली, तर बघू द्या. पडद्याला वाईट वाटत नाही.