पवनगिरीचा वारा आणि म्हशीचे केस

संक्रांतीच्या तोंडावर अमडापूरजवळच्या आमच्या खेड्यात एवढी गर्दी झाली की कोंबडीलाही पाय टेकायला जागा उरली नाही. ज्याच्या त्याच्या हातात पतंग आणि पतंगाच्या शेपटीला घरच्या आजाऱ्याचे केस. पवनगिरी महाराज म्हणे हाक मारून वारा बोलावतात. वारा आला, पतंग चढला, की दोरा कापायचा. रोग पतंगासंगं पार जालन्याकडे जातो. जालनेवाल्यांनी आपलं काय घोडं मारलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी तर पहिल्या रांगेत बसले होते.

मी सुभद्राबाई. शाळा चौथीपर्यंत, तोंड पंधरावीपर्यंत. उभ्या गावाला अक्कल वाटते. त्या दिवशी बहुधा सगळी वाटून संपली होती. माझ्या नातीला, डिंपलला, दमा. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिलेला. पण महाराज म्हणाले, "एक तर औषध, नाहीतर देव!" मी लगेच पंप काढून घेतला आणि कमरेच्या पिशवीत कोंबला.

"आई, पंप द्या," सून निशिगंधा म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवते. "पोरीची छाती वाजून राह्यली."

"तू शाळेतली पोरं शिकव, मले नको शिकवू. पतंग चढला का छाती गप बसते."

तिनं शाळेतून आणलेली चक्री बांबूवर रोवली. चार कागदी कप, मधे खिळा. वाऱ्याला जेवढा जोर, तेवढी ती जोरात फिरते.

"हा काय जादूटोणा?" महाराज गरजले.

"नाही जी. तुमचा वारा मोजायला ठेवली."

महाराजांनी हात वर केले. "पवना! माझ्या मावशीच्या लेका! धावत ये, नाहीतर सातव्या आभाळात कोंडतो तुले!"

इतकं अगत्याचं बोलावणं आल्यावर कुणीही नातेवाईक धावला असता. चक्री ढिम्म. सकाळच्या चुलींचा धूर काठीसारखा सरळ उभा. महाराजांनी आरती धरली. मग दुसरी. मग पहिलीच पुन्हा. टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले.

"काकू, आजचा देव बहिरा दिसते," मागून शेजारची सिंधूताई कुजबुजली.

"गप बस वो. आरती संपू दे."

"ते संपून राह्यली कुठं?"

शेवटी घसा बसला तसे महाराज मंडपामागं चहाला गेले. बशीत चहा ओतला असेल-नसेल, तोच निंबाचा शेंडा हलला. पानं सळसळली. चक्री गरगर फिरू लागली. वारा दारात आला आणि यजमान बशीत फुंकर घालत होता!

निशिगंधानं डिंपलच्या नावाचा पतंग सोडला. सरसर चढला. महाराज बशी टाकून धावले. "पाहा! पोचली का नाही हाक?"

"महाराज, याले कोणाचे केस बांधले?" निशिगंधानं विचारलं.

"कोणाचे म्हंजे? तुया पोरीचे."

"आमच्या म्हशीचे. तिले दमा नाही."

लोक खदखदून हसले. तेवढ्यात डिंपल खाली बसली. 'आजी' म्हणायला गेली, पण 'आ'च्या पुढं शब्द निघेना. महाराज ओरडले, "देव कोपला! शंका घेतली ना!" आणि माझ्यासारख्या शहाणीला क्षणभर तेही खरं वाटलं. पिशवीची गाठ मला सुटेना. निशिगंधानं पिशवीच फाडली, पंप हलवून पोरीच्या तोंडाला लावला. अवघ्या आभाळात वारा होता आणि माझ्या नातीला त्यातला चिमूटभर मिळत नव्हता.

हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. मी उठले.

"महाराज, आता थांबवा वारा. धूळ जाते पोरीच्या नाकात."

"अं?"

"मावशीचा लेक ना तुमचा? सांगा त्याले, बस म्हना!"

वारा थांबला नाही. महाराजही थांबले नाहीत, मंडपामागून पसार झाले.

डिंपलला चिखलीच्या दवाखान्यात नेताना निशिगंधा म्हणाली, "रात्री जमीन गार होते, मग खालची हवा पडून राहते. ऊन तापलं की वरचा वारा खाली उतरतो. पानं सारखी हलू लागली की पतंग चढतो. फांद्या झोके घेऊ लागल्या, धूळ उडाली, की दोरा तुटतो. निंब हलेपर्यंत महाराज आरती लांबवत होते. आज घसा आधी बसला."

हे मला ठाऊक नव्हतं? जन्मभर खळ्यात तिवईवर उभी राहून मी तूर उपणली. वारा ऊन चढल्यावर सुटतो, तवर भाकर खाऊन घ्या, असं बायांना दरसाल सांगणारी मीच. माझ्याच खळ्यातला वारा भगवे कपडे घालून आला आणि मी त्याच्या पाया पडले!

माझं ऐकून काय होतं ते तुम्ही पाहिलंच, तरी सांगते. पतंग उडवायचा तर झाडाच्या पानाकडं पाहा. पोराची छाती वाजली तर डॉक्टरकडं न्या, औषध बंद करू नका. आणि कुणी म्हणाला की मी वारा बोलावतो, तर त्याला सांगा: आत्ता बोलाव, धूर सरळ चढतोय तेव्हा.