अप्पांनी भरलेले नांगे

आमचे गाइड गुरुप्रसाद सर वाईट नाहीत, पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतील तर शपथ. "सर, मी..." म्हटलं की उत्तर हजर, तेही भलत्याच प्रश्नाचं. म्हणून गेल्या श्रावणापासून पोटात ठेवलेली गोष्ट मी सांगितलीच नाही. त्यापेक्षा पीएचडी सोडलेली बरी, असं ठरवून तारिहाळच्या कारखान्यात नोकरी पक्की केली.

त्याच सुमारास सरांना विद्यापीठानं धारवाडातच मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणून आम्ही पोट धरून हसलो.

सोमवारी मी निरोप घ्यायला गेले.

"बस, दीपश्री," सर म्हणाले. "विद्यार्थ्याचं संपेपर्यंत बोलायचं नाही, असं शिकवलंय. मला जमत नाही, म्हणून हा उपाय." आणि अख्खा विडा तोंडात कोंबला.

मला आधी हसू आलं, मग रडू. सगळं सांगून टाकलं. अळणावरजवळ आमच्याच शेतात माझी भाताची चाचणी होती. नव्या वाणाची किती रोपं पाण्याचा ताण सोसतात, ते मोजायचं होतं. बरीच मेली, वाफ्यात नांगे पडले, म्हणजे रिकाम्या जागा. लेकीचं शेत चारचौघांत उघडं दिसू नये म्हणून अप्पांनी माझ्या नकळत घरच्या भाताची रोपं लावून ते भरून टाकले. वर्ष वाया गेलं. अप्पांना बोलवेना, सरांना सांगवेना.

सरांचे गाल फुगले, डोळे वटारले. हात वर गेला आणि मुकाट खाली आला. मग ते उठून चूळ भरून आले.

"संपलं?"

"हो सर."

"आता तुला काय करावं वाटतंय?"

हा प्रश्न मला त्यांनी कधीच विचारला नव्हता. "पुन्हा लावावं वाटतंय. पण अप्पांना दुखवायचं नाही."

"फोन लाव."

सर अप्पांना म्हणाले, "तुमच्या पोरीची पीएचडी त्या रिकाम्या जागांतच आहे हो. यंदा तेवढ्या राहू द्या."

पलीकडून अप्पा म्हणाले, "हे आधीच सांगायचं की हो, सर!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

मी नोकरीला नकार कळवला. यंदा अप्पा स्वतः राखणीला बसतात. परवा काकू एक नांगा भरायला वाकली, तर बांधावरून ओरडले, "हात लावू नको गं! ती जागा आमच्या दीपश्रीची आहे."