ढवळायची नोकरी

हॉटेलातल्या नव्या उपाहारगृहात सगळा मामला निसर्गाचा होता. भिंतींवर रंगवलेलं जंगल, ओंडक्यांची टेबलं आणि दारातच दगडी चूल. चुलीत जाळाऐवजी लाल दिवा, वर तांब्याचं भलंमोठं पातेलं. पळी हलवायला काकूंना नेमलं होतं.

बावीस वर्षं कामगारांच्या खानावळीत रांधलेली बाई. नेमणूक झाली तेव्हा आपण इथल्या स्वयंपाकी झालो असंच तिला वाटणार! नवऱ्याने तर गल्लीभर दवंडी पिटली. पहिल्या दिवशी काकू पातेल्यात डोकावल्या, तर आत ठणठणगोपाळ.

"यात काय घालायचं?"

"काही नाही हो, काकू," मॅनेजर म्हणाला. "पाहुणे फोटो काढतात. तुम्ही फक्त ढवळायचं आणि हसायचं."

आठ दिवस काकूंनी हवा ढवळली. "आज काय केलंस गं?" असं नवरा रोज कौतुकाने विचारायचा आणि काकू रोज थाप मारायच्या. आठव्या रात्री त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एक तर खरं रांधायचं, नाहीतर नोकरीला रामराम ठोकायचा, असं त्यांनी ठरवलं.

उजाडताच त्यांनी ओढ्याकाठच्या रानभाजीचा कोवळा पाला पिशवीभर खुडला. तांब्याच्या पातेल्याला कल्हई नव्हती. त्यात रांधून लोकांची पोटं बिघडवायला काकू काही वेड्या नव्हत्या. त्यांनी लाल दिवा काढून घरची शेगडी बसवली, घरचंच जाड बुडाचं पातेलं चढवलं आणि भिजवलेल्या कडधान्याबरोबर पाला शिजत घातला.

दुपारी दालन भरलं. पाहुण्यांपुढे 'रानातली पहाट' आली होती, म्हणजे परातीएवढ्या बशीत तीन पानं. तेवढ्यात लसणाची फोडणी बसली. एक म्हातारे गृहस्थ वाटी घेऊन उठले, मागोमाग आख्खं टेबल, आणि बघता बघता चुलीपुढे रांग लागली.

मॅनेजर धावत आला. "काकू, तुम्हाला शिजवायला सांगितलं कोणी?"

"मला ढवळायला ठेवलंय ना? मग ढवळायला काहीतरी नको?"

बशा न संपता परत येताहेत म्हणून आतून मुख्य शेफ तणतणत बाहेर आला. माणूस भारी तापट. मॅनेजर घाईने म्हणाला, "साहेब, आत्ता ओतून देतो सगळं."

शेफने एक चमचा चाखला. मग दुसरा. मग तिसरा.

"पातेल्याला हात तर लावून बघ," तो मॅनेजरला म्हणाला, आणि वाटी घेऊन रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

दोन वाजता पातेल्याचा तळ खरवडून झाला. शेफ काकूंसमोर आला, जरासा घुटमळला. "काकू, उद्या काय शिजवायचं?"

 काकूंनी आधी सावकाश हात पुसले.

"आत्ताच कसं सांगू? ओढ्याकाठी काय उगवलंय ते बघावं लागेल. पहाटे साडेपाचला या. उशीर केलात तर मी थांबायची नाही."

"येतो," शेफ म्हणाला. "पिशवी मी धरीन."